शांत झोप की मंदावलेला श्वास?

मोठ्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र. नांदेडच्या डॉक्टर्स लेनमधला दवाखाना असो की लातूरचे एखादे मोठे रुग्णालय, चित्र साधारण सारखेच असते. किनवट, मुखेड, उदगीर किंवा निलंग्याहून आणलेला पेशंट, खाटेशेजारी सतरंजी टाकून बसलेला मुलगा नाहीतर सून आणि फेरीवर आलेल्या सिस्टरला मिळणारे उत्तर, 'दुखणं थांबलं बघा सिस्टर, आता निवांत घोरायलेत.' ऐकायला बरे वाटणारे हे वाक्य भूलतज्ज्ञाच्या मात्र काळजात धस्स करते. अफूच्या जातीचे वेदनाशामक दिलेल्या माणसाचे घोरणे म्हणजे दर वेळी गाढ झोप नसते. कधी कधी ती श्वास अडखळू लागल्याची पहिली खूण असते.

अफूपासून मिळणाऱ्या किंवा तशाच रीतीने काम करणाऱ्या या औषधांना 'ओपिऑइड' म्हणतात. मॉर्फिन, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन, आपल्याकडे सर्रास दिले जाणारे ट्रामाडोल आणि त्यामानाने नवे टॅपेंटाडोल, ही सगळी कमी-अधिक प्रमाणात याच घरातली. मोठ्या ऑपरेशननंतरच्या तीव्र वेदनेवर यांच्याइतका भरवशाचा इलाज अजूनही थोडाच आहे. अडचण एवढीच, की मेंदूतल्या ज्या कुलपांत बसून ही औषधे वेदना कमी करतात, त्याच कुलपांशी श्वासाची लयही जोडलेली आहे.

वेदना थांबावी पण श्वास मंदावू नये, असे औषध शोधण्याची खटपट कित्येक वर्षे चालू आहे. ऑलिसेरिडिन हे त्यातले अलीकडचे नाव. वेदनाशमनाची वाट उघडायची आणि दुष्परिणामांची वाट शक्यतो बंद ठेवायची, अशी त्यामागची कल्पना. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने आठ विरुद्ध सात मतांनी त्याच्याविरुद्ध कौल दिला. ऑगस्ट २०२० मध्ये अखेर मान्यता मिळाली. पण हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम होण्याच्या शंकेमुळे दिवसाला २७ मिलिग्रॅमची मर्यादा आली आणि श्वास मंदावण्याचा ठळक चौकटीतला इशाराही कायम राहिला. नवेपणाने तो इशारा पुसला गेला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या औषधाच्या दोन मुख्य चाचण्या कोणावर झाल्या, तेही पाहू. पहिलीत पायाच्या अंगठ्याजवळचे वाढलेले हाड काढलेले रुग्ण होते, दुसरीत पोटावरची सैल कातडी आणि चरबी काढून घेतलेले. प्रत्येकीत जवळपास चारशे जण. अशा ऑपरेशनची वेदना साधारण सारखी असते आणि रुग्ण बहुतेक धडधाकट असतो, म्हणून तुलना सोपी जाते. सुरक्षिततेसाठी झालेल्या तिसऱ्या अभ्यासात अधिक मोठी ऑपरेशने आणि वयस्कर रुग्णही होते. त्यांची एकूण संख्या ७६८.

हा आकडा मोठा वाटतो, पण एक साधा हिशेब करू. एखादी दुर्घटना हजारात एकाच्या वाट्याला येत असेल, तर ७६८ जणांत ती एकदाही न दिसण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. म्हणून 'चाचणीत काही झाले नाही' आणि 'काही होत नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. कोडीन तर पिढ्यान्‌पिढ्या सौम्य समजले जात होते. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर ते दिलेली काही मुले दगावली आणि मग नीट कळले की काहींच्या शरीरात जन्मजात गुणामुळे कोडीनचे मॉर्फिन फार झपाट्याने होते. २०१७ मध्ये अमेरिकेने बारा वर्षांखालील मुलांना कोडीन आणि ट्रामाडोल देऊ नये, असे बजावले.

आता आपल्या वॉर्डात येऊ. इथला रुग्ण म्हणजे आतड्याला छिद्र पडून मध्यरात्री आलेला शेतकरी, मांडीचे हाड मोडलेली सत्तरीची आजी, मधुमेहाने मूत्रपिंडे थकलेले काका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मूत्रपिंड थकले की मॉर्फिनपासून तयार होणारे घटक शरीरात साचत जातात. त्यात कोणी झोपेची गोळी घेत असतो, कोणी दारू. आणि रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात, हे ज्याने वॉर्डात रात्र काढली आहे त्याला सांगायला नको.

श्वास मंदावणे ही काही विरळा गोष्ट नाही. अमेरिका, युरोप आणि आशियातल्या १६ सर्वसाधारण वॉर्डांत ओपिऑइड घेणाऱ्या १,३३५ रुग्णांचा श्वास यंत्राने अखंड मोजला गेला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४६ टक्के रुग्णांमध्ये श्वास मंदावल्याचा किमान एक प्रसंग नोंदला गेला. साठी ओलांडलेले, झोपेत श्वास अडणारे, हृदय कमजोर असलेले आणि पूर्वी कधीच ओपिऑइड न घेतलेले यांना धोका अधिक होता. आपल्याकडे ऑपरेशनसाठी येणारे बहुतेक सगळे या शेवटच्या गटातले.

म्हणून माझे म्हणणे असे: 'औषध सुरक्षित आहे का?' हा प्रश्न अर्धवट आहे. कोणाला दिले, कुठे दिले आणि रात्री दोन वाजता कोण पाहत होते, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघात मान्य झालेल्या काही वर्गांतील औषधांना भारतातल्या चाचणीतून सूट देण्याची वाट मोकळी केली. दुर्मीळ आजारांसाठी ती योग्यच आहे. पण प्रचलित उपचारांपेक्षा लक्षणीय सरस ठरणारी औषधेही त्या यादीत आहेत. 'नवे आणि सरस' म्हणून एखादे ओपिऑइड या दारातून आत येऊ नये. त्याची चाचणी इथेच व्हावी, नांदेड-लातूरसारख्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, इथल्या रुग्णांवर. आणि वेदनेच्या गुणांइतकीच श्वासाचीही मोजणी त्यात असावी.

'म्हणजे आमच्या गरिबांवर प्रयोग?' असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणजे जागरूक नीतिसमिती, रुग्णाला समजेल अशा मराठी, उर्दू वा तेलुगूत घेतलेली संमती आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे भरपाई. चाचणी न करता औषध सरसकट वापरणे हाही प्रयोगच आहे, फक्त त्यात ना संमती असते, ना नोंद.

दुसरी भीती उलट बाजूची. या लेखाने डॉक्टर ओपिऑइड टाळू लागले, तर ते अधिक वाईट. पोट उघडलेल्या माणसाला वेदनेमुळे खोकता येत नाही, मग छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. चालता येत नाही, मग पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. 'ऑपरेशन झालंय, दुखणारच' हे काही वैद्यकशास्त्र नव्हे. मॉर्फिन मिळवण्याचे परवाने २०१४ च्या कायदेदुरुस्तीने सोपे केले आहेत. पॅरासिटामॉल आणि नस बधिर करणारी इंजेक्शने यांची जोड दिली तर ओपिऑइड कमी लागते. मात्र फेंटानिलचा पॅच ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी, विशेषतः ओपिऑइडची सवय नसलेल्याला, लावू नये. तो काढल्यावरही परिणाम कित्येक तास उतरत नाही.

बाकी जे हवे ते महाग नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ, दर तासाला श्वास आणि गुंगी लिहिण्याचा तक्ता आणि वॉर्डातच हाताशी ठेवलेला उतारा, म्हणजे नॅलोक्सोन. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर एकट्यावर विसंबू नये. ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ चांगला दिसतो.

नातेवाइकांसाठी दोनच गोष्टी. पेशंट हाका मारूनही नीट जागा होत नसेल, घोरणे तुटक होत असेल किंवा मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास मोजले गेले, तर संकोच न करता सिस्टरला बोलवा. आणि औषधाचा त्रास झालाच, तर १८०० १८० ३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर कळवा. तो डॉक्टरांइतकाच तुमच्यासाठीही आहे आणि कोणाविरुद्धची तक्रार म्हणून तो वापरायचा नाही. हजारात एकाला होणारा त्रास अशाच नोंदींतून उघडकीला येतो.

आज रात्री कोणाच्या उशाशी बसणार असाल, तर 'दुखतंय का?' हे विचाराच. पण पेशंट झोपला की एकदा घड्याळ हातात घेऊन त्याचे श्वासही मोजा.