नुसतं ‘मागा’ म्हणू नका

स्त्रियांनी पगारवाढ मागावी की नाही, या प्रश्नाची दोन उलटसुलट उत्तरं एकाच माणसाने एकाच दिवशी दिली आहेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांचं मोठं संमेलन भरलं होतं. पगारवाढ मागायला संकोचणाऱ्या स्त्रियांना काय सांगाल, असं मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांना व्यासपीठावर विचारण्यात आलं. मागण्यापेक्षा व्यवस्थेवर विश्वास ठेवा, न मागणं हेही चांगलं कर्मच आहे, त्याचं फळ मिळतं, अशा आशयाचं ते बोलले. मुलाखत घेणाऱ्या मारिया क्लावे यांनी तिथेच असहमती दाखवली. प्रिन्स्टन विद्यापीठात रुजू होताना पगाराची घासाघीस न केल्याने आपलं कसं नुकसान झालं, हे त्यांनी सांगितलं. त्याच दिवशी नाडेलांनी कर्मचाऱ्यांना लिहिलं की माझं उत्तर पूर्ण चुकलं. वाढ मिळायला हवी असं वाटत असेल तर सरळ मागा.

या माफीच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. तरीही माझं म्हणणं असं की पहिलं उत्तर घातक होतं आणि दुसरं अपुरं आहे.

पहिलं उत्तर आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. ‘आपण आपलं काम चोख करावं, पैशाचं बोलू नये, साहेबांना सगळं दिसतं.’ साहेबांना सगळं दिसत नाही. अनेक खासगी कंपन्यांत वाढीचं पत्र एप्रिलच्या आसपास हातात पडतं. पण विभागाला किती रक्कम मिळणार आणि त्यातली कोणाला किती द्यायची, हे आधीच ठरून गेलेलं असतं. त्या मर्यादित रकमेचे वाटे करताना जो आधी बोलून गेला, जो सोडून जाईल अशी भीती आहे, त्याचा विचार आधी होतो. गप्प बसलेलीच्या वाट्याला उरेल ते येतं. यात कोणाचा दुष्टपणा असावाच लागत नाही. भीड ही भिकेची बहीण, हे आपले वाडवडील सांगून गेले, आणि नेमकं पगाराच्या बाबतीत आपण मुलींना भीड शिकवत राहिलो.

ही भीड किती महाग पडते, ते मांडून पाहावं. दोघं एकाच दिवशी रुजू झाले. तिने तीस हजार मुकाट स्वीकारले, त्याने बोलून तेहतीस करून घेतले. पुढे दोघांनाही दरवर्षी आठच टक्के वाढ मिळाली, म्हणजे कोणी कोणावर अन्याय केला असं कागदावर दिसणारही नाही. तरी दहा वर्षांत तिच्या हातात जवळपास सव्वापाच लाख रुपये कमी पडलेले असतील. भविष्य निर्वाह निधी मूळ वेतनाच्या टक्केवारीत आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर, त्यामुळे पहिल्या दिवशीचे ते तीन हजार तिच्या निवृत्तीपर्यंत पोचतात.

आता ‘सरळ मागा’ म्हणणारा दुसरा पक्ष. हा स्वतःला स्त्रियांचा हितचिंतक समजतो. त्याचं म्हणणं: बायका मागतच नाहीत, त्यांच्यात आत्मविश्वास नाही, तो आला की प्रश्न सुटला. मग कार्यशाळा भरतात, ताठ बसा, नजरेला नजर द्या, असं शिकवलं जातं. मला या मांडणीचा राग येतो, कारण ती पगाराच्या तफावतीचं खापर कमी पगार घेणारीवरच फोडते. शिवाय ती तथ्यांपुढे टिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या हजारो कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आर्ट्झ, गुडॉल आणि ऑस्वल्ड या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये पुढे आला. एकसारख्या नोकऱ्या ताडून पाहिल्या तर स्त्रिया पुरुषांइतक्याच वेळा वाढ मागत होत्या. मागणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे २० टक्क्यांना ती मिळाली, स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्क्यांना. त्यांचं मागणं कमी नव्हतं, पदरात कमी पडलं. लायब्रँट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेत प्रत्यक्ष नोकरीच्या जाहिराती देऊन पाहिलं: पगारावर बोलता येईल असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलं, की बोलण्याच्या प्रमाणातला स्त्री-पुरुष फरक नाहीसा झाला. जो आत्मविश्वास एका ओळीने येतो आणि ती ओळ नसली की जातो, त्याला स्वभावदोष कसं म्हणायचं?

इतकं लांब जायचीही गरज नाही. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी पगारवाढीसाठी काम बंद ठेवलं, मोर्चे काढले, आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. शिक्षण नाही, नेमणुकीचं पत्र नाही, कोणत्याही कार्यशाळेचं प्रमाणपत्र नाही. तरी त्यांना मागता आलं, कारण शेजारच्या बंगल्यात किती मिळतं हे त्यांना एकमेकींकडून माहीत होतं आणि मागताना त्या एकट्या नव्हत्या.

‘हिचा पगार म्हणजे वरखर्चाला, घर नवऱ्याच्या पगारावर चालतं’ हा आक्षेप मी एका वाक्यात निकालात काढते: पगार कामाचा असतो, गरजेचा नव्हे, नाहीतर श्रीमंताच्या मुलाला कोणी पगारच दिला नसता.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला बगल देणं अप्रामाणिक ठरेल. मागितलं की बाई आगाऊ दिसते. हॅना राइली बोल्स आणि लिंडा बॅबकॉक या संशोधिकांच्या २००७ मधल्या प्रयोगांत हेच दिसलं: वाढ मागणाऱ्या पुरुषापेक्षा वाढ मागणाऱ्या स्त्रीसोबत काम करायची लोकांची इच्छा अधिक घटली, विशेषतः मूल्यमापन करणारा पुरुष असला तर. म्हणजे अनेकींचा संकोच हा भित्रेपणा नसून परिस्थितीचं अचूक वाचन असतं. म्हणूनच ‘सरळ मागा’ हा सल्ला अपुरा आहे. मागायचंच, पण तयारीने.

तयारीत पहिली गोष्ट माहिती. माझ्या मते आत्मविश्वासाचा तीन चतुर्थांश भाग इथेच आहे. आपल्या पदाला, आपल्या शहरात, आपल्याइतक्या अनुभवाला काय मिळतं, हे नोकरीच्या जाहिरातींतून, भरती सल्लागारांकडून, सोडून गेलेल्या सहकाऱ्यांकडून काढता येतं. पुरुष सहकाऱ्यालाही विचारावं. आकडा कळला की आवाज आपोआप स्थिर होतो.

दुसरी गोष्ट पुरावा. ‘मी खूप मेहनत करते’ हे खरं असूनही उपयोगाचं नाही. खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेने असं म्हणावं: ‘गेल्या वर्षी आपल्या अतिदक्षता विभागात आठ खाटा होत्या, आता बारा आहेत. रात्रपाळीची यादी मी लावते, नव्या तिघींना मी तयार केलं. हे चालू ठेवायचं आहे आणि माझा पगार या जबाबदारीला धरून हवा.’ यात स्वतःची बाजू आणि संस्थेचं हित एकत्र बांधलेलं आहे. बोल्स आणि बॅबकॉक यांच्या पुढच्या संशोधनात अशाच मांडणीने आगाऊपणाचा शिक्का टळायला मदत झाली. स्त्रीलाच ही कसरत का करावी लागते, हा प्रश्न रास्त आहे. पण घराचा हप्ता समाज बदलेपर्यंत थांबत नाही. कसरत शिकून घ्यावी आणि भांडणही चालू ठेवावं.

आकडा आपण उच्चारायचा, आणि उच्चारल्यावर गप्प राहायचं. ‘म्हणजे, जमलं तर, थोडं कमी असलं तरी चालेल’ ही शेपटी बहुतेक वेळा आपणच जोडतो. मैत्रिणीला साहेब करून आधी घरी दोनतीनदा बोलून पाहिलं की ती गळून पडते. मैत्रिणीला म्हणावं, तू ‘बजेट नाही’ असंच सांग. त्यावर उत्तर तयार हवं: ‘ठीक आहे, मग सहा महिन्यांनी कोणत्या तारखेला बसायचं? तोवर मी काय पूर्ण केलं तर किती वाढ?’ जे ठरलं ते त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवायचं. नव्या नोकरीत ‘करंट सीटीसी’, म्हणजे सध्याचा एकूण पगार, विचारतात तेव्हा जुना कमी पगार नव्या पगाराचा पाया होऊन बसतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा करून या प्रश्नाला बंदी घातली. आपल्याकडे प्रश्न विचारला जाणार, पण उलट विचारता येतं: ‘या पदासाठी तुम्ही किती ते किती ठरवलंय?’ आणि बाळंतपणाच्या वर्षी वाढ गेली असं गृहीत धरू नये. २६ आठवड्यांची रजा हा हक्क आहे; जितके महिने काम केलं तितक्यांचं मूल्यमापन मागावं.

कायदाही पाठीशी आहे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा त्यांना कमी पगार मिळत होता. १९७७ मध्ये नोकरी गेल्यावर त्या समान वेतन कायद्याखाली भांडल्या आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. कंपनीने युनियनशी झालेला करार पुढे केला, ‘लेडी स्टेनोग्राफर’ हा वेगळा वर्ग असल्याचं सांगितलं, आर्थिक अडचणही सांगितली. समान कामाला समान वेतन देणं मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. तो नियम आता २०१९ च्या वेतन संहितेच्या तिसऱ्या कलमात आहे. पण तफावत आहे हे कळल्याशिवाय कलम हाती घेता येत नाही, आणि ते कळू नये याची काळजी ‘पगार गोपनीय ठेवावा’ ही नेमणूकपत्रातली ओळ घेते.

म्हणून आता वरच्या जागी पोचलेल्या बायकांकडे माझं एक मागणं आहे. वाटाघाटी दुसऱ्यासाठी करायच्या असल्या की स्त्रिया मागे हटत नाहीत, असं अमनातुल्ला आणि मॉरिस या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं आहे. ती ताकद आपल्या हाताखालच्या मुलींसाठी वापरा. विभागाच्या रकमेचे वाटे होतात तेव्हा तुम्ही त्या खोलीत असता. जी मागायला आली नाही तिचं नाव तिथे तुम्ही घ्या. आणि ती मुलाखतीला निघाली असेल, तर त्या पदाला किती ते किती मिळतं, हे तिला आदल्या दिवशी फोन करून सांगा.