जरा इकडे बघा!

वर्तमानपत्राचा फोटोग्राफर म्हटला की लोकांना वाटते, याला काय, सगळीकडे फुकट प्रवेश आणि उभा राहतो तो सर्वांच्या पुढे! उभे राहायला मिळते हे खरे. बसायला मात्र कुणी सांगत नाही. पस्तीस वर्षे मुंबईच्या एका दैनिकासाठी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडलो. आता निवृत्त आहे. पण त्या मुदतीत जेवढे सत्कार मी उभ्याने पाहिले, तेवढी लग्ने एखाद्या भटजीने बसूनही लावली नसतील.

सत्कारावरून आठवले. आमच्या उमेदीत फ्लॅश एकदा चमकला की पुन्हा भरून यायला दहाबारा सेकंद लागत. तेवढ्यात हार घालून होई. मग विनंती करायची, "साहेब, हार जरा पुन्हा!" परळच्या एका सभेत असेच झाले. हार धरलेले गृहस्थ हात उंचावून उभे, सत्कारमूर्ती मान वाकवून उभे, आणि दोघेही माझ्याकडे पाहून हसताहेत. एवढ्यात वीज गेली. अंधारात माझा फ्लॅश तेवढा चमकला! फोटो धुऊन पाहतो, तो हार संस्थेच्या खजिनदारांच्या गळ्यात. बिचारे फ्यूज बघायला निघाले होते.

अशी फजिती मोठ्यांनाही चुकली नाही. मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन बाई १९४६ साली पुण्याला गांधीजींचा चरख्यापाशी फोटो काढायला आली, तर चिटणीसांनी आधी तिलाच सूत कातायला शिकवले! वर परवानगी तीनच बल्बांची. दोन वाया गेले, तिसऱ्यावर साधले. आणि आपल्या होमाई व्यारावाला ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या असता यजमानांनी परत बोलावले, 'उद्या दोघे मिळून जाऊ' म्हणून. ती हळहळ त्यांना जन्मभर राहिली.

फ्लॅश पेटला नाही तर फार तर एक फोटो जातो. फोटो उत्तम आला म्हणजे काय होते, ते मला १९८२ साली कळले.

त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. घरी बसले म्हणायचे, पण बसून भागते कुणाचे? कुणी गावी गेले, कुणी फुटपाथवर धंदा मांडला. लालबागच्या एका गल्लीत, ऐन पावसात, मी असाच एक माणूस टिपला. हातगाडीवर भाजी, उजव्या हाताने कानापर्यंत उचललेली तागडी, डोळे काट्यावर. फोटो पहिल्या पानावर तीन कॉलम लागला. खाली एवढेच, की संपातला कामगार भाजी विकताना. नाव नव्हते. कचेरीत माझी पाठ थोपटली गेली.

तिसऱ्या दिवशी तो माणूस कचेरीत हजर! हातात घडी घातलेला अंक. म्हटले, आता शिव्या खायच्या. पण तो खुर्चीच्या कडेला टेकला आणि हळूच म्हणाला,

"साहेब, उद्याच्या अंकात छापा, की हा मी नव्हं."

"अहो, पण तुम्हीच आहात!"

"ते तुम्हाला-मला ठाऊक. पाहुण्यांना कशाला?"

थोरल्या मुलीचे साताऱ्याकडे जमत आले होते. संपामुळे बोलणी अडू नयेत म्हणून याने कळवले होते, की ठाण्याला कारखान्यात लागलो. आणि आमचा अंक साताऱ्याला जात होता.

मी म्हटले, "नाव छापलेलंच नाही. मग 'नव्हे' तरी कुणाचं नाव घेऊन छापायचं?"

त्याला ते पटले. चहा आला. तो कितीतरी वेळ त्या फोटोकडे पाहत बसला.

"आलाय मात्र झकास," तो म्हणाला. "उभ्या जन्मात माझा एकट्याचा फोटो नाही. गाडी कापून नुसतं तोंड द्याल?"

डार्करूममध्ये मी निगेटिव्ह एन्लार्जरला लावली. गाडी गेली, भाजी गेली, पारडी गेली. तागडीच्या दोऱ्या तेवढ्या निघेनात. गालाजवळून तिरप्या गेलेल्या. त्या कापायच्या तर कान जात होता. "असू द्या," तो म्हणाला. पैसे मी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कोथिंबिरीची भली मोठी जुडी!

२००४ साली, गिरण्यांच्या जागी टॉवर उठू लागले होते तेव्हा, त्याच भागातल्या पाडायला निघालेल्या एका चाळीचे फोटो काढायला मला धाडले. दुसऱ्या मजल्यावर एका बाईंनी पाणी दिले. बसा म्हणाल्या, हे विशेष! बसलो आणि पाहतो तो समोर भिंतीवर चंदनाचा हार घातलेला माझा फोटो! म्हणजे मी काढलेला.

साताऱ्याला दिलेली थोरली ती हीच. माहेरची खोली आवरायला आली होती. मी कोण हे तिला ठाऊक नव्हते. फोटो उतरवताना तिचा मुलगा विचारू लागला, "आई, आजोबांच्या कानाजवळ या दोऱ्या कसल्या?"

"गिरणीतल्या मागाचं सूत आहे ते," ती म्हणाली. "आजोबा कामावर असतानाचा आहे ना."

फोटो पुशीत होती, पुशीतच राहिली. मी भांडे खाली ठेवले आणि गॅलरीचे फोटो काढायला बाहेर गेलो. उजेड उतरत चालला होता.