बिलामागचे थांबलेले इंजिन

वसई तालुक्यातील कळंबच्या किनाऱ्यावरील रिसॉर्टचे बिल असो वा वालीव-गोखिवऱ्यातील एखाद्या गाळ्याचे डिलिव्हरी चलन, ते आता बहुधा पीडीएफ होऊनच गिऱ्हाइकाच्या फोनवर जाते, आणि ती पीडीएफ कोणते इंजिन बनवते हे बिल करणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. प्रोग्रामरला मात्र ते ठाऊक असलेच पाहिजे. मुंबईत घडलेली फ्रॅपे ही मुक्तस्रोत चौकट आणि तिच्यावर उभी असलेली ईआरपीनेक्स्ट ही उद्योग-व्यवस्थापन प्रणाली यांत हे काम वर्षानुवर्षे डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ (पुढे ‘डब्ल्यूके’) या साधनाकडे होते. त्याची 0.12.6 ही आवृत्ती जून 2020 मध्ये आली आणि जानेवारी 2023 मध्ये त्याचे कोड-भांडार केवळ वाचण्यापुरते खुले ठेवून काम थांबवण्यात आले.

याचा दोष सांभाळणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. डब्ल्यूके स्वतः क्यूटी या सॉफ्टवेअर-संचातील वेबकिट इंजिनावर अवलंबून होते. शिवाय प्रत्येक पानावर शीर्षपट्टी व तळपट्टी छापण्यासारख्या सोयींकरिता त्याला मूळ क्यूटी पुरत नसे, ठिगळे लावलेली क्यूटी 4 ची स्वतंत्र प्रत लागे. क्यूटी 4 चा आधार 2015 च्या अखेरीस संपला, 2016 च्या क्यूटी 5.6 मधून वेबकिट वगळले गेले, आणि ती ठिगळे नव्या कापडावर कधीच नीट बसली नाहीत. अवलंबनाचेही अवलंबन असते ते असे. आजच्या वेबपानांची फ्लेक्सबॉक्स व ग्रिड ही मांडणी या इंजिनाला उमगत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की परक्याने दिलेला मजकूर त्यात घातल्यास सर्व्हरला त्याच्याच अंतर्गत जाळ्यातील पत्ते उघडायला लावता येतात, आणि अशा मजकुरासाठी हे साधन वापरू नये असे प्रकल्पानेच बजावलेले आहे.

मग बदलायला उशीर का? कारण जुन्या इंजिनाच्या खोडी हेच वापरणाऱ्यांचे नियम होऊन बसतात. डब्ल्यूके मजकूर पानात बसवण्यासाठी तो आपणहून आक्रसवते. हजारो छापील नमुने त्या आक्रसलेल्या मापावर डोळ्यांनी जुळवलेले असतात, त्यामुळे तेच बिल क्रोम ब्राउझरच्या इंजिनातून काढले की अक्षरे मोठी होतात आणि एका पानाची दोन पाने होतात. तळपट्टीचेही तसेच: क्रोममध्ये ती मूळ पानाची शैली उचलत नाही, आणि पृष्ठक्रमांकासाठी तिथे वेगळीच खूण लिहावी लागते. वीझीप्रिंट हा पायथनमधील पर्याय पानांची मांडणी अधिक शिस्तीने करतो, परंतु तो जावास्क्रिप्ट चालवत नाही, म्हणून क्यूआर कोड वा आलेख ब्राउझरमध्येच काढणारे नमुने त्यात रिकामे राहतात.

फ्रॅपेने नव्या नमुना-बांधणीत आधी वीझीप्रिंट आणि पुढे क्रोमवर चालणारा पर्याय आणला, पण जुने इंजिन एका फटक्यात उपटून काढले नाही. हे कोणाला दिरंगाईचे वाटेल. येथे मात्र तोच मार्ग योग्य होता, कारण बिल हा कायदेशीर कागद आहे आणि त्यावरील करतक्ता पानाच्या कडेला कापला गेला तर त्याची झळ प्रोग्रामरला नव्हे, दुकानदाराला बसते. अर्थात जुने व नवे इंजिन शेजारी ठेवण्याला मुदत हवी. ती न घातल्यास ‘तात्पुरते’ हा शब्द किती वर्षे टिकतो, हे या व्यवसायात कोणाला सांगावे लागत नाही.

मराठी नमुन्यांची जबाबदारी मात्र बाहेरचा कोणी घेणार नाही. क्रोम आणि वीझीप्रिंट ही दोन्ही इंजिने जोडाक्षरे जुळवण्यासाठी हार्फबझ हे साधन वापरतात, तरी सर्व्हरवर देवनागरी फाँटच नसेल तर बिलावर चौकोनच उमटतात. ईआरपीनेक्स्टची मराठी बिले सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ‘गोखिवऱ्यातील’सारखा शब्द, दोन पानी करतक्ता आणि तळपट्टी असलेले एक चाचणी-बिल जुन्या व नव्या अशा दोन्ही इंजिनांतून काढावे, दोन्ही कागद प्रकाशासमोर एकावर एक धरून पाहावेत, आणि जिथे फरक दिसेल तिथे तो नमुन्यासह प्रकल्पाला कळवावा, मात्र जुने इंजिन सर्व्हरवर चालू आहे तोवर.