रजेचा अर्ज की बडतर्फीला निमंत्रण?

रजा ही मालकाची मेहेरबानी नसून श्रमिकाचा हक्क आहे, हे कायद्याने मान्य करून कित्येक दशके लोटली. परंतु हा हक्क मागणाऱ्याची नोकरी टिकते काय? ज्या हक्काचा उच्चार करताच पोटावर पाय येतो, त्याला हक्क म्हणणे ही श्रमिकांची थट्टाच होय.

कारखान्यांतील स्त्रियांसाठी मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात खंबीर पाठिंबा दिला होता. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांपुरती ही रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या. प्रसूतीच्या रजेवर असलेल्या स्त्रीला त्या रजेपायी कामावरून काढणे बेकायदा आहे, असे कायदा बजावतो. मेख आहे ती रजेपूर्वीच्या काळात. गर्भवतीने अर्ज दिला आणि रजा सुरू होण्याआधीच तिला काढले, तर तिचा आर्थिक लाभ बुडणार नाही, एवढीच हमी हे कलम देते. नोकरी परत देण्याविषयी ते मूक आहे. धूर्त मालकाला याहून अधिक काय हवे?

आजारपणाची कथा निराळी नाही. आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते, या स्थायी आदेशाचा आधार घेऊन एका कारखान्याने डिसेंबर १९८० मध्ये यादव नामक कामगाराला काढले. आपण कामावर आलो होतो, फाटकावरच अडवले गेलो, असे त्याचे म्हणणे होते. म्हणणे मांडू न देता कोणाची उपजीविका हिरावता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि त्याला निम्म्या थकीत वेतनासह कामावर घेण्यास सांगितले. निकाल ऐतिहासिक खरा. पण तो लागला १९९३ साली! बारा वर्षांहून अधिक काळ चूल कशावर पेटवायची, याचे उत्तर कोणत्या कलमात आहे?

आता तर बडतर्फीचीही गरज उरलेली नाही. औद्योगिक संबंध संहितेने मुदतबंद नोकरीला राजमान्यता दिली असून मुदत संपल्याने गेलेली नोकरी ही कामगारकपात मानली जात नाही. रजा मागणाऱ्याचा करार पुढे वाढवायचा नाही, की काम फत्ते! करार संपला तरी प्रसूतिलाभ पूर्ण मिळालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात ठरवले. येथेही रक्कम वाचली, नोकरी नव्हे.

आणि जिथे अर्ज द्यायला मालकच दिसत नाही, तिथे? उचल घेऊन मुकादमामागे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांना एका खाड्याचाही दंड भरावा लागतो. बीड जिल्ह्यातील १३ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याचे २०१९ च्या सरकारी पाहणीत आढळले. खाडा पडू नये हे त्यामागचे एक कारण होते. रजेचा हक्क नाकारला की त्याची किंमत शरीराने मोजावी लागते, याहून भीषण पुरावा कोणता हवा?

सूडबुद्धीने काढले हे सिद्ध करण्याचे ओझे आज कामगाराच्या शिरावर आहे. आणि हजेरीपट, शेरे, पत्रव्यवहार हे सारे दप्तर मात्र मालकाच्या कपाटात! म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. रजेच्या अर्जानंतर ठरावीक काळात नोकरी गेली किंवा करार वाढवला नाही, तर ते रजेमुळेच घडले असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे मालकाने सिद्ध करावे. निकाल लागेपर्यंत कामगाराला कामावर ठेवावे, निदान वेतन द्यावे. कामचुकारांना यामुळे अभय मिळेल, अशी ओरड होईलच. ज्या मालकाकडे खरे कारण आहे, त्याने ते दप्तरासह मांडावे. त्याला भिण्याचे कारण काय?

परंतु कायदा आपल्या पायांनी कारखान्यात चालत जात नाही. रजेचा प्रत्येक अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि अर्जदार एकटा पडू नये हे युनियनने पाहावे. एकट्याचा अर्ज मालक फाडू शकतो. संघटनेने पाठीशी घातलेला अर्ज फाडताना त्याचा हात थरथरतो.