भोंगा झाला तर खिडकी उघडायची की लावायची?

मंडळी, बडोद्याच्या आठवणी म्हटल्या की न्यायमंदिर, सुरसागर, दांडिया बाजार येणारच. पण १९६५ ला कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मागोमाग खत कारखाना, पेट्रोकेमिकल्स, नंदेसरी आलं आणि आपल्यातली कितीतरी घरं शिफ्टच्या बसवर चालली, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

आमचे बाबाही असेच एका केमिकल प्लांटमध्ये होते (नाव नको). रात्री वास आला की ते आधी गच्चीवर जाऊन धूर कुठे वळतोय ते बघायचे. "वारा आपल्याकडे असेल तर खिडक्या लावा, कूलर बंद करा, ओला पंचा नाकाला धरा. बाहेर पडायचंच झालं तर वाऱ्याला आडवं जायचं, वाऱ्याबरोबर पळायचं नाही." हे त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. शेजारचे काका बँकेत, त्यांना कोण शिकवणार?

माझं म्हणणं एवढंच, की ही माहिती गेटच्या आतच अडकून राहिली. कायदा मात्र तसं सांगत नाही हो. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९८९ चे घातक रसायनांचे नियम. त्यातला नियम १५ बघा. धोका कशाचा आहे, अपघात झाला तर काय करायचं आणि काय नाही, हे कारखान्याने आसपासच्या लोकांपर्यंत पोचवलंच पाहिजे, थेट नाहीतर जिल्ह्याच्या यंत्रणेमार्फत. बाहेरच्या वस्तीसाठीच्या आपत्कालीन योजनेची तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. १९९६ च्या नियमांनी तर कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा गटही नेमून दिलाय.

११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीला बेंझीनची टाकी पेटली, दोघं गेले. धुराचे लोट दिसत होते आणि आमच्या सोसायटीतले निम्मे लोक गच्चीवर व्हिडिओ काढत होते. त्यांना तरी कसं हसणार? सांगितलंय कुणी कधी?

आता नव्या कायद्याची चर्चा असते. युरोपात २००७ पासून 'रीच' आहे, म्हणजे कंपनीने आधी रसायनाची नोंदणी करायची, सुरक्षेची माहिती द्यायची, मग बाजारात आणायचं. आपल्याकडेही तसा मसुदा बरीच वर्षं फिरतोय. यावा, जरूर यावा. पण तो आला तरी बाजव्यातल्या एखाद्या आजींना कूलर बंद करायला सांगणार कोण? जे १९८९ पासून आपल्या हक्काचं आहे ते तरी आधी मागू या. एक कागद, गुजरातीत, मराठीत, हिंदीत, लिफ्टशेजारी लावलेला. आणि तालीम गणपतीच्या मांडवात घ्या की, सगळी पोळ आयतीच जमलेली असते!

"लोक घाबरतील" असं एका साहेबांनी मला ऐकवलं. कोरोनात मास्क लावायला शिकवलं तेव्हा गाव सोडून पळालं का कुणी?

छाणी, बाजवा, करचिया, रणोली, नंदेसरीकडे राहणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा कागद कधी आला असेल, तर खाली फोटो टाका. कुठल्या वर्षी आला तेही लिहा.