सगळ्यांशी दोस्ती : कतारची गोष्ट

कतार कुठे आहे असे विचारले की वर्गातल्या मुलांचे बोट हमखास दुबईवर जाऊन थांबते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम दीडपट देश. मूळ नागरिक तीन लाखांच्या आसपास. बाकी सारे पोटापाण्यासाठी आलेले, त्यात आपल्या कोकणातलेही आहेत.

5 जून 2017. रमजान चालू होता. सौदी अरब, अमिरात, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. जमिनीवरची एकुलती एक सीमा सौदीची. ती बंद झाली. दूधसुद्धा बहुतेक तिकडूनच यायचे! मग तेरा अटी आल्या : अल जझीरा वाहिनी बंद करा, तुर्कस्तानचा लष्करी तळ हटवा, इराणशी संबंध कमी करा.

कतार बधला नाही. इराणशी वैर त्याला परवडणारेच नव्हते. ज्या समुद्राखालच्या वायूवर देश श्रीमंत झाला, तो साठा दोघांचा मिळून आहे. दोन भावांच्या सामाईक विहिरीसारखा. दुसरीकडे अल उदेद येथे अमेरिकेचा त्या भागातला सर्वांत मोठा तळ. ट्रम्प यांनी आधी सौदीची बाजू उचलली, तळ मात्र तिथेच राहिला. इराणने आपले आकाश खुले केले, तुर्कस्तानने अन्न आणि सैनिक पाठवले, गाई तर विमानाने दोह्यात उतरल्या. (मुलांना बाकी काही आठवत नाही, गाई आठवतात.) जानेवारी 2021 मध्ये अल उला येथे समेट झाला. अटी मान्य न करताच.

लहान देशाने असेच सगळ्यांच्या उपयोगी पडून राहावे, असे मी तेव्हा मुलांना सांगत असे. 2025 नंतर तेवढ्या खात्रीने सांगवत नाही. 23 जूनला इराणने अल उदेदवर क्षेपणास्त्रे सोडली. ती बहुतेक हवेतच पाडली गेली. 9 सप्टेंबरला इस्रायलने थेट दोह्यात हमासच्या नेत्यांवर हल्ला केला. गाझाच्या युद्धबंदीची बोलणी कतारच घडवून आणत होता. एक कतारी सुरक्षा जवानही त्यात गेला.

अब्बा दोह्यात नोकरीला असलेल्या एका मुलीने विचारले, “सर, तळ अमेरिकेचा आहे ना? मग अडवले का नाही?”

पुढे नेतान्याहूंनी कतारची माफी मागितली, आणि कतारवरचा हल्ला हा अमेरिकेच्या सुरक्षेला धोका मानू, असा आदेश ट्रम्प यांनी काढला. मी तिला तेच सांगितले. पण तो राष्ट्राध्यक्षाचा आदेश आहे, सिनेटने मंजूर केलेला करार नव्हे. पुढचा राष्ट्राध्यक्ष एका सहीने तो रद्द करू शकतो. हेही सांगावे लागले.