साठीचा ताळेबंद

दिवाळीत वहीपूजन झाल्यावाचून व्यापाऱ्याचे वर्ष पालटत नाही. जुन्या वहीतील शिल्लक नव्या वहीत ओढली जाते, येणे-देणे तपासले जाते, गोदामातील माल मोजला जातो. मात्र ज्या काटेकोरपणे मालाची मोजदाद होते, त्याच काटेकोरपणे आयुष्याची मोजदाद करण्याचा दिवस व्यापाऱ्याच्या पंचांगात नसतो. साठावा वाढदिवस हा तो दिवस ठरू शकतो. बहुतेक घरांत तो तसा ठरत नाही.

नाशिकमध्ये अलीकडे साठीचे सोहळे थाटात होतात. सूर्यास्तापूर्वीचे भोजन, साठ दिव्यांचे औक्षण, नातवंडांची भाषणे, लग्नापासूनची छायाचित्रे. यात गैर काहीच नाही. कष्टाने उभ्या केलेल्या संसाराचा तो न्याय्य आनंद आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचे शटर उघडते, तेव्हा गल्ल्याची किल्ली आदल्या दिवशीच्याच कमरेला असते आणि पस्तिशीचा मुलगा साधा भाव सांगण्यापूर्वीही वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. सोहळा पार पडलेला असतो. पालट मात्र काहीच झालेला नसतो.

याच नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यातील मांगीतुंगीच्या सिद्धक्षेत्रावर, याहून वेगळा धडा पाषाणात कोरलेला आहे. गणिनीप्रमुख आर्यिका ज्ञानमती माताजींचा जन्म १९३४ च्या शरद पौर्णिमेचा, उत्तर प्रदेशातील टिकैतनगरचा. अठरा वर्षे पूर्ण झाली त्या १९५२ च्या शरद पौर्णिमेला त्यांनी आचार्य देशभूषण महाराजांकडून आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि घर सोडले. वाढदिवस हा आयुष्याची दिशा ठरविण्याचा दिवस असू शकतो, हे त्यांनी त्या वयातच दाखवून दिले.

त्यानंतर ४४ वर्षांनी, १९९६ मध्ये, त्यांचा चातुर्मास मांगीतुंगीस झाला. वयाची ६२ वर्षे पूर्ण होण्याच्या त्या वर्षी त्यांनी डोंगराच्या अखंड पाषाणात भगवान ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची मूर्ती घडविण्याची प्रेरणा समाजाला दिली. सामान्य माणूस ज्या वयात नवे दुकानही भाड्याने घेण्यास कचरतो, त्या वयातील हा संकल्प होता. २०१६ च्या फेब्रुवारीत मूर्तीची पंचकल्याणक प्रतिष्ठा झाली, तेव्हा माताजी ८१ वर्षांच्या होत्या. संकल्प आणि सिद्धी यांमध्ये वीस वर्षे गेली. हाती किती वर्षे उरली आहेत याचा हिशेब आधी मांडला असता, तर पहिला दगडही फुटला नसता. काम आपल्या हयातीत पुरे होईलच असे नाही, हे मान्य करूनच ते योग्य हातांत सोपवावे लागते. साठीनंतरच्या ध्येयाचे हेच मुख्य लक्षण आहे.

साध्वींनी घरदार सोडलेले असते, संसारी माणसाला हे कसे साधावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रात सापडते. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव काही काळ विक्री प्रतिनिधी होते; ओगल्यांच्या काचसामानासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले. १९४७ च्या सप्टेंबरात भाऊरावांची साठी पूर्ण झाली. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय त्याच वर्षी सुरू झाले होते. येथे थांबून सत्कार स्वीकारता आले असते. पण पुढच्याच वर्षी गांधीजींची हत्या झाली आणि त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला. १९५९ मध्ये ते गेले. काम त्यांच्यामागेही चालू राहिले, कारण ते माणसांच्या हाती सोपवलेले होते.

साठीनंतर काय मागावे, हे जैन परंपरेने श्रावकाला फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. स्थानांग सूत्रात श्रावकाचे तीन मनोरथ आले आहेत. आपला परिग्रह कधी कमी होईल, आपल्याला संयमाची वाट कधी धरता येईल आणि शेवट समाधिभावाने कधी होईल, अशी ती नित्य करावयाची भावना आहे. तिन्हींमध्ये मिळविण्याची भाषा कोठेच नाही; सोडण्याची आहे. दुसरा आणि तिसरा मनोरथ प्रत्येकाच्या शक्तीवर अवलंबून आहेत, परंतु पहिल्याला आजच हात घालता येतो.

त्यासाठी कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर परिग्रहाची मर्यादा आकड्यात लिहावी. आकडा लिहिला नाही की मर्यादा दरवर्षी पुढे सरकते, हा सर्वांचा अनुभव आहे. दुसऱ्या पानावर पेढीची सूत्रे सोपविण्याची तारीख लिहावी आणि ती मुलासमोर वाचावी. त्याच्या हातून होणाऱ्या चुकांची तरतूदही आताच धरावी, म्हणजे सल्ला देण्यासाठी वडील जवळ असतील.

तिसऱ्या पानावर ठेवी, लॉकर, जमिनी यांची यादी असावी. दहा वर्षे व्यवहार न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. वारसांना ती पुढेही मागता येते, पण ठेव होती हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण? वारसनोंद केली म्हणजे काम संपले, हा समजही चुकीचा आहे. नोंदवलेली व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. दोन साक्षीदारांसमोर सही केलेले साधे मृत्युपत्र भावंडांमधील वर्षानुवर्षांचा अबोला टाळू शकते.

शेवटचे पान सर्वांत अवघड. धंद्यात बुडीत येणे कधीतरी निर्लेखित करावेच लागते, नाहीतर ताळेबंद खोटा दिसतो. वाटणीच्या वेळी भावाने उच्चारलेला एक शब्द, व्याह्यांनी केलेला एक अपमान ही मनातील बुडीत येणी तीस-तीस वर्षे ओढली जातात. संवत्सरीला शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडं’ पाठविणारा हात नेमका त्या एका नावापाशी अडतो. साठीच्या दिवशी औक्षणापूर्वी त्या एका दारी जाऊन यावे. सोहळ्यातील साठ दिवे मग अधिक उजळतील.

ही चार पाने भरली की पुढची वही कोरी असते, आणि अशा कोऱ्या वहीत ६२ व्या वर्षीही डोंगराएवढा संकल्प लिहिता येतो.